पुणेरी पलटण आणि आपल्या मुली



पलटण हा शब्द आपल्या घरातलाच आहे. दुपारी पोरांचा घोळका विहिरीकडं निघाला की आपण विचारतो, "कुठं निघाली ही पलटण?" मूळ शब्द मात्र लष्करातला. शिपायांच्या तुकडीला पलटण म्हणायचे. 2014 साली पुण्यात एक कबड्डी संघ उभा राहिला, त्यानं हेच नाव घेतलं: पुणेरी पलटण. पहिल्या दोन वर्षांत हा संघ सगळ्यांत शेवटी राहिला आणि दहाव्या हंगामात भारतातला विजेता झाला. तो वर कसा आला ते आज सांगते. पण हा इतिहास एकट्या पुरुषांच्या संघाचा सांगितला तर अर्धाच राहील. त्याच काळात आपल्या मुली त्याच खेळात काय करत होत्या, तेही सोबत सांगते.

आधी खेळाबद्दल थोडं. आपल्या आजोबांच्या तोंडी कबड्डी हा शब्द नव्हता, हुतुतू होता. बंगालमध्ये त्याला हाडूडू म्हणत, तामिळनाडूत चेडुगुडू. प्रत्येक गावाचे नियम वेगळे. बाद झालेला खेळाडू परत आत घ्यायचा की नाही यावरूनच मारामाऱ्या व्हायच्या. 1914 साली पुण्यातल्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधून दिले. त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्याकडच्या मंडळींनी हुतुतूचेही नियम कागदावर आणायला सुरुवात केली आणि 1923 साली बडोद्याला त्या नियमांनी स्पर्धा भरली. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू जर्मनीत बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि तिथं त्यांनी हा खेळ करून दाखवला. 1950 साली अखिल भारतीय संघटना झाली, 1952 साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. बायकांची राष्ट्रीय स्पर्धा 1955 साली कलकत्त्याला सुरू झाली. म्हणजे अंतर फक्त तीन वर्षांचं होतं. हे तीन वर्षांचं अंतर लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

महाराष्ट्रात या खेळासाठी आयुष्य घालवलेलं एक नाव म्हणजे शंकरराव साळवी. सगळे त्यांना बुवा साळवी म्हणत. त्यांचा जन्मदिवस 15 जुलै, तो आपल्याकडं कबड्डी दिन म्हणून पाळतात. बुवांच्या पिढीनं हा खेळ मुंबईच्या गिरणगावातून, पुण्याच्या पेठांतून, तालुक्याच्या यात्रेतून पुढं नेला. पैसा नव्हताच. जिंकलेल्या संघाला ढाल मिळायची. चांगल्या खेळाडूला रेल्वेत, बँकेत, पोलिसात नोकरी मिळायची. कबड्डीची कमाई म्हणजे हीच नोकरी, आणि ती बायकांनाही मिळत होती. भारतीय रेल्वेचा महिला संघ राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं दबदबा राखून राहिला, त्याचं एक कारण हेच. तिथं मुलींना महिन्याला पगार होता आणि सरावाला वेळ होता.

पुण्याच्या शकुंतला खटावकर या त्याच जुन्या काळातल्या. कबड्डीसाठी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. अर्जुन पुरस्कार म्हणजे खेळाडूला केंद्र सरकारकडून मिळणारा मोठा मान. पुरुषांची लीग सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी पुण्याच्या एका बाईनं हा मान आणला होता, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

आता 2014 साल. चारू शर्मा हे क्रिकेटचं समालोचन करणारे गृहस्थ. 2006 साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी बघताना त्यांच्या मनात आलं की हा खेळ टीव्हीवर चांगला दिसेल. त्यांनी आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी मिळून प्रो कबड्डी लीग सुरू केली. 26 जुलै 2014 रोजी मुंबईत पहिला सामना झाला. आठ शहरांचे आठ संघ होते: मुंबई, पुणे, जयपूर, पाटणा, दिल्ली, बंगळूर, कोलकाता आणि तेलुगू भागाचा एक. प्रत्येक संघाला एक मालक कंपनी होती.

गोष्टी बऱ्याच बदलल्या. माती गेली, रबरासारखी मऊ मॅट आली. पायात बूट आले. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली, म्हणजे एक माणूस समोरच्या अंगणात जाऊन नुसता रेंगाळू शकत नाही. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर बाद. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी पकड केली तर एक गुण जास्त. त्याला मराठी समालोचक अव्वल पकड म्हणतात. म्हणजे हरत आलेल्या संघालाही शेवटपर्यंत आशा राहते आणि बघणारीचा हात रिमोटवरून उठतो. मला तर वाटतं, कबड्डी घराघरात गेली ती झगमगाटामुळं जेवढी, त्याहून जास्त या तीस सेकंदांमुळं. चुलीवर दूध ठेवून बघता येईल असा हा खेळ आहे.

आणि लिलाव आला. लिलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कांदा येतो, मार्केट यार्ड येतं. इथं खेळाडूंवर बोली लागते. ऐकायला बरं वाटत नाही, माणसाची बोली कशी लावायची? पण बोलीचा पैसा इथं अडत्याकडं जात नाही, खेळाडूच्या कराराचा तो पैसा असतो. 2014 च्या पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग ठरला राकेश कुमार, 12 लाख 80 हजार रुपये. 2018 साली मोनू गोयत 1 कोटी 51 लाखांवर गेला. 2023 साली पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लागली. नऊ वर्षांत सगळ्यांत मोठा आकडा वीस पट झाला. आपल्या कुठल्या पिकाचा भाव नऊ वर्षांत वीस पट झाला, सांगा.

या सगळ्यात पुणेरी पलटणीची सुरुवात मात्र वाईट झाली. 2014 साली आठ संघांत आठवा नंबर. 2015 साली पुन्हा आठवा. कबड्डीचं माहेरघर म्हणवणाऱ्या पुण्याचा संघ तळाला, आणि शेजारची मुंबई पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात जाते आणि दुसऱ्या वर्षी विजेतेपद घेते! पुणेकरांना हे किती झोंबलं असेल ते मी सांगायला नको.

2016 साली मनजीत छिल्लर या अनुभवी खेळाडूला कर्णधार केलं आणि संघ तिसऱ्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी दुसरा हंगाम झाला, त्यातही तिसरा. मग बारा संघ झाले, कर्णधार बदलले, प्रशिक्षक बदलले. कधी बाद फेरी गाठली, कधी नाही. तयार मोठे खेळाडू पैसे देऊन आणायचे, एक-दोन वर्षं खेळवायचं, पुन्हा लिलाव. यानं संघ मधल्या मध्ये राहिला.

बदल कुठं झाला? मी जे वाचलं-बघितलं त्यावरून माझं मत सांगते. संघानं स्वतःची तरुण मुलं घडवायला घेतली तिथं बदल झाला. युवा पलटण नावानं त्यांनी तरुण खेळाडूंची वेगळी फळी तयार केली. मुलांनी वर्षभर एकत्र राहायचं, खायचं, सराव करायचा. डिसेंबर 2021 मध्ये लीगचा आठवा हंगाम बंगळूरला सुरू झाला. करोनामुळं प्रेक्षकांना बंदी होती. त्या रिकाम्या सभागृहात पुण्याकडून दोन नवी मुलं खेळली. एक अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. संघ सुरुवातीला हरत होता, मोठ्या नावांना सूर सापडत नव्हता, आणि ही दोन पोरं चढाया करून गुण आणत होती. अनुप कुमार प्रशिक्षक होते. त्यांनी पोरांना बाहेर बसवलं नाही, खेळवत राहिले. संघ बाद फेरीपर्यंत गेला.

पुढच्या वर्षी, 2022 ला, बी. सी. रमेश प्रशिक्षक झाले. हे कर्नाटकचे, आणि 2019 साली बंगालच्या संघाला त्यांनी विजेतेपद मिळवून दिलेलं होतं. संघात इराणचा फजल अत्राचली 1 कोटी 38 लाखांना आला आणि कर्णधार झाला. त्याच्याभोवती पुण्याची तरुण मुलं होती. नाशिक जिल्ह्याचा आकाश शिंदे त्यातलाच. 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत अंतिम सामना झाला. अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीमुळं बाहेर. जयपूरनं 33-29 असं हरवलं. फक्त चार गुणांचा फरक.

दहाव्या हंगामात फजलला सोडलं. कर्णधारपद अस्लमकडं दिलं. मुलगा विशीतला, संघात त्याच्याहून जास्त अनुभवी माणसं. आणि लिलावात आणखी एक इराणी खेळाडू घेतला, मोहम्मदरझा शादलू. बचावात उभा राहणारा दांडगा गडी, 2 कोटी 35 लाखांना. म्हणजे पलटणीनं पैसा खर्च केलाच, तो केला नाही असं मी म्हणणार नाही. पण पैसा एका जागेवर घातला, बाकीची जागा घरच्या पोरांनी भरली. साखळीतल्या 22 सामन्यांत 17 जिंकले, 3 बरोबरीत, फक्त 2 हरले. उपांत्य सामन्यात पाटण्याला 37-21 असं हरवलं.

1 मार्च 2024, हैदराबाद. समोर हरियाणा. हा सामना टीव्हीवर बघितलेल्या बाया तुमच्यात असतील. मध्यंतराला पुणं 13-10 असं जेमतेम पुढं होतं. कुणीच धोका पत्करत नव्हतं. चढाई करणारा रेषा ओलांडायचा, बोनसला पाय टाकायचा, परत यायचा. याच सामन्यात पंकज मोहिते गेला आणि एकाच चढाईत चार गुण घेऊन आला. त्याला अव्वल चढाई म्हणतात. कबड्डीत सात जणांचा संघ असतो. एका फटक्यात चौघं बाहेर गेली की उरलेल्यांचे पाय लटपटतात. हरियाणा शेवटपर्यंत लढलं, पण सामना 28-25 असा पुण्यानं जिंकला. तीन गुणांनी. विजेत्या संघाला 3 कोटींचं बक्षीस, आणि हंगामातला सगळ्यांत मोलाचा खेळाडू म्हणून निवड झाली अस्लमची.

यशाचं पुढं काय होतं तेही सांगितलं पाहिजे. लगेच पुढच्या लिलावात शादलू हरियाणाकडं गेला, आणि त्या वर्षी हरियाणा जिंकलं. अस्लमला दुखापत झाली, पुणं बाद फेरीतही गेलं नाही. 2025 मध्ये अजय ठाकूर प्रशिक्षक आणि अस्लम कर्णधार असताना संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला. 31 ऑक्टोबरला दिल्लीनं 31-28 असं हरवलं. पुन्हा तीनच गुण, या वेळी दुसऱ्या बाजूनं.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते तीन वर्षांचं अंतर. 1952 आणि 1955. राष्ट्रीय स्पर्धेत बायका पुरुषांच्या मागं तीन वर्षं होत्या. आशियाई स्पर्धेत पुरुषांची कबड्डी 1990 साली आली आणि बायकांची 2010 साली. तिथं अंतर वीस वर्षांचं झालं. 2010 ला आपल्या मुलींनी सुवर्ण आणलं, 2014 ला पुन्हा सुवर्ण. मधे 2012 साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला. भारतानं अंतिम सामन्यात इराणला 25-19 असं हरवलं. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ. राज्य सरकारनं त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. दोन वर्षांनी पुरुषांची लीग सुरू झाली तेव्हा भारताच्या महिला विश्वविजेत्या होत्या. मग मुलींची लीग?

आली होती. 2016 च्या उन्हाळ्यानंतर, पुरुषांच्या चौथ्या हंगामासोबत, महिला कबड्डी चॅलेंज नावानं. संघ किती? तीन. नावं सगळी इंग्रजी: फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स. ममता पुजारी, अभिलाषा म्हात्रे आणि तेजस्विनी बाई या तिघी कर्णधार. त्यांत कुठल्या शहराचं नाव नव्हतं. ना पुण्याचा संघ, ना पाटण्याचा. मला इथंच सगळं चुकल्यासारखं वाटतं. पुणेरी पलटण शेवटी आली तरी पुण्याची माणसं तिची होती, तिच्यावर चिडत होती. वादळराण्या कुणाच्या? कुठल्या गावच्या? कुणी चिडायचं आणि कुणी पेढे वाटायचे? 31 जुलै 2016 ला हैदराबादला अंतिम सामना झाला, स्टॉर्म क्वीन्सनी फायर बर्ड्सना 24-23 असं हरवलं. एका गुणानं! एवढा चुरशीचा सामना, आणि त्यानंतर पुरुषांच्या लीगबरोबर ती स्पर्धा पुन्हा भरली नाही. पलटणीला दोनदा शेवटी येऊनही दहा हंगाम मिळाले. मुलींना काही आठवडे मिळाले.

काही बाया म्हणतील, मुलींची कबड्डी लोक बघत नसतील. बघायला दाखवली तर बघतील. पुरुषांची तरी 2014 च्या आधी शहरातले किती जण बघत होते?

आता एक असा किस्सा, जो ऐकून हसावं की रडावं कळत नाही. शैलजा जैन या नाशिकच्या प्रशिक्षक. कितीतरी मुलींना त्यांनी कबड्डी शिकवली. भारताच्या संघाला शिकवायची त्यांची इच्छा होती, ती संधी मिळाली नाही. इराणकडून बोलावणं आलं आणि त्या गेल्या. त्या शुद्ध शाकाहारी, देश परका, भाषा परकी. त्या फारसी शिकल्या, मुलींकडून योगासनं आणि प्राणायाम करून घेतला. कबड्डीत दम टिकवायला श्वासाइतकं दुसरं काही नाही. 2018 ला जकार्तामध्ये आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच इराणच्या मुलींनी भारताला 27-24 असं हरवलं. भारताच्या महिला कबड्डीचं आशियाई सुवर्ण पहिल्यांदाच हुकलं, आणि ते आपल्याच नाशिकच्या बाईनं शिकवलेल्या मुलींनी नेलं. पुण्याची पलटण इराणच्या पुरुषांना कोटी-कोटी देऊन आणते, आणि इराण नाशिकच्या बाईला घेऊन जातं. बाईची किंमत बाहेरच्यांना आधी कळली, एवढंच म्हणते.

आणि आता 2023 चा ऑक्टोबर. तारखा नीट ऐका. 7 ऑक्टोबरला चीनमध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धेचे कबड्डीचे अंतिम सामने झाले. मुलींनी चिनी तैपेईला 26-25 असं हरवलं. ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक होतं. पहिल्यांदाच शंभर पदकं झाली म्हणून देशभर फटाके वाजले, ते या मुलींच्या पदकावर. संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. त्याच दिवशी पुरुषांनीही सुवर्ण जिंकलं, आणि त्यांच्या संघात पलटणीचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. एकाच दिवशी, एकाच गावी, एकाच खेळात तिघांच्याही गळ्यात तेच सुवर्ण.

दोन दिवसांनी, 9 ऑक्टोबरला, मुंबईत लीगचा लिलाव सुरू झाला. पवन सेहरावतवर अडीच कोटींच्या वर बोली लागली ती याच लिलावात. शादलूवर बोली लागली तीही यातच. अस्लमला पलटणीनं आधीच राखून ठेवलं होतं. डिसेंबरमध्ये हंगाम सुरू झाला, बालेवाडीत घरच्या प्रेक्षकांसमोर सामने झाले, मार्चमध्ये तो विजेत्या संघाचा कर्णधार म्हणून चषक घेऊन उभा होता. शंभरावं पदक आणणाऱ्या मुलींसाठी त्या आठवड्यात कसलाच लिलाव नव्हता, कारण त्यांना खेळायला लीगच नव्हती.

तसं सरकारनं बक्षीस दिलं. महाराष्ट्राच्या सुवर्णपदक विजेत्यांना त्या वेळी रोख बक्षीस जाहीर झालं, मुलगा-मुलगी भेद न करता. ते चांगलंच झालं. पण बक्षीस आणि मजुरी यांतला फरक आपल्या गटातल्या बाईला समजवावा लागत नाही. बक्षीस जिंकल्यावर येतं. रोजचं दूध, अंडी, बूट, गुडघ्यावरचा उपचार, सरावाला जायचं एसटीचं भाडं, हे सगळं जिंकण्याच्या आधी लागतं. पलटणीनं अस्लम-आकाशला जे दिलं ते हे आधीचं. हरत असतानाही, नाव नसतानाही. दहा मुलींतली एक पदकापर्यंत जाते. उरलेल्या नऊ जणींना खेळात टिकवायचं काम बक्षिसातून होत नाही. आणि त्या नऊ नसतील तर दहावी कुणाशी सराव करणार?

आपल्या गावात मुलगी खेळातून कधी बाहेर पडते, आठवून बघा. सातवी-आठवीपर्यंत ती पोरांनाही धरून पाडते. नववीत चड्डी-टीशर्ट घालून मैदानात दिसली की कुणीतरी काकी-मावशी येऊन घरी सांगते. दहावीला अभ्यास, मग लग्नाची बोलणी. हात मोडला तर सोयरिकीला अडचण, ही भीती वेगळी. एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "पोराचं हाड मोडलं तर खेळताना मोडलं म्हणतात. पोरीचं मोडलं तर नशीब मोडलं." त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

बापांचं मन वळवायचं तर हातात काहीतरी ठोस पाहिजे. ते आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, त्यात कबड्डी येते आणि मुलींना ती लागू आहे. कोणत्या स्पर्धेत कितवा नंबर असला की कोणत्या पदाला चालतो, याचे नियम आहेत. प्रमाणपत्र क्रीडा विभागाकडून तपासून घ्यावं लागतं. मुलगी शाळेच्या स्पर्धेत खेळली तर प्रत्येक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या शेजारी ठेवा. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन गटांत होतात, तालुक्यापासून राज्यापर्यंत. मुलीचं नाव शाळेनं वेळेत पाठवलं का, हे पालकसभेत विचारायचं. हा प्रश्न शाळेला कुणी विचारत नाही म्हणून नावं राहतात.

नोव्हेंबर 2025 मध्ये बांगलादेशात ढाक्याला महिलांचा दुसरा विश्वचषक झाला. पहिल्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी. रितू नेगीच्या नेतृत्वाखाली भारतानं अंतिम सामन्यात पुन्हा चिनी तैपेईलाच हरवलं, 35-28. पलटणीचा दिल्लीतला अंतिम सामना होऊन महिनाही झाला नव्हता. तो सामना माझ्या ओळखीच्या सगळ्या घरांत बघितला गेला. ढाक्याचा झाला हे आमच्या गटांतल्या बऱ्याच जणींना दुसऱ्या दिवशी मोबाईलवर कळलं.

मुलींच्या कबड्डीचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं. पुरुषांच्यापेक्षा थोडं लहान. खळ्याएवढ्या सपाट जागेत बसतं. दगड वेचायचे, पाणी मारून माती दाबायची, फक्कीनं रेषा मारायच्या. मधोमध मध्यरेषा, दोन्ही अंगांना एकेक निदानरेषा आणि तिच्या पलीकडं बोनसची रेषा. मोजायला शाळेतला टेप मिळतो. सातजणी इकडं, सातजणी तिकडं. बैठकीला येताना मुलींना सोबत आणा, आपलं हिशोबाचं काम चालू असेपर्यंत त्यांचा एक डाव सहज होतो. दोन्ही सत्रं धरून अर्धा तास.